प्रतिकृती कोणाच्या हाती?

आठवडी बाजारात सूप विकत घेणारी गृहिणी ते केवळ पाहून घेत नाही. ती ते हातात धरते, काठ अंगठ्याने दाबून बघते, उजेडाकडे धरून विणीतील फटी तपासते, रिकामे सूप दोन वेळा पाखडते आणि त्यानंतरच भाव विचारते. ओंडका घेणारा व्यापारी बल्लारपूरच्या लाकूड डेपोत फिरून टोकावरील वर्तुळे, गाठी आणि पोकळी पाहतो व मगच बोली मनाशी ठरवतो. वस्तू विकत घेण्यापूर्वी ती हाताळण्याचा, फिरवून पाहण्याचा आणि वापरून बघण्याचा हा हक्क बाजाराइतकाच जुना आहे. विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील विश्वासाची पहिली गाठ याच क्षणी बसते.

दूरच्या व्यापारात मात्र हा हक्क प्रथम गेला. टपालाने मागविलेल्या वस्तूचे चित्र तेवढे ग्राहकाच्या वाट्याला आले. संगणकाच्या पडद्यावरील खरेदीने चित्रांची संख्या वाढविली, पण चित्र ते चित्रच राहिले. गेल्या काही वर्षांत विपणनाच्या क्षेत्रात जे नवे साधन पुढे आले आहे, ते हा गमावलेला हक्क अंशतः परत देण्याचा दावा करते. इंग्रजी भाषेत त्यास सिम्युलेशन म्हणतात. मराठीत त्यास वस्तूची हाताळता येणारी आभासी प्रतिकृती म्हणता येईल. पडद्यावरील खुर्ची बोटाने सर्व बाजूंनी फिरविता येते, तिचा रंग बदलता येतो, दूरध्वनीच्या कॅमेऱ्यातून ती स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवून मापात बसते की नाही हे पाहता येते.

या साधनाचा विचार आजवर महानगरांतील मोठ्या कंपन्यांच्या संदर्भातच झाला. परंतु त्याची खरी कसोटी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांसारख्या प्रदेशात लागणार आहे. येथे उत्तम माल आहे, कुशल हात आहेत, मात्र ग्राहक शेकडो किलोमीटर दूर आहे. ही प्रतिकृती या कारागिराच्या हाती आली तर ती त्याची दुकानाची पायरी ठरेल. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर जुन्याच दलालीचे ते नवे रूप ठरेल. म्हणून या विषयाकडे केवळ तंत्रज्ञानाची नवलाई म्हणून पाहून चालणार नाही.

साधन आणि त्याची वाटचाल

सर्व बाजूंनी फिरविता येणारी वस्तूची चित्रे ही कल्पना अगदी नवी नाही. ॲपल कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यासच तसे तंत्र संगणकावर आणले होते. मात्र सामान्य ग्राहकाच्या खिशातील दूरध्वनी हे काम करू लागला तो २०१७ नंतर. त्या वर्षी फर्निचर विकणाऱ्या आयकिया या स्वीडिश कंपनीने आपल्या सुमारे दोन हजार वस्तूंच्या प्रतिकृती ग्राहकाला स्वतःच्या घरात ठेवून पाहता येतील अशी सोय केली. ह्याच कंपनीने १९५१ पासून चालत आलेली आपली छापील वस्तुसूची पुढे बंद केली. २०२१ ची आवृत्ती अखेरची ठरली. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भव्य दालन नवी मुंबईत उघडले. भारतीय व्यवसायही मागे राहिले नाहीत. चष्म्याची चौकट चेहऱ्यावर कशी दिसेल, कर्णभूषण कानात कसे शोभेल, भिंतीला कोणता रंग खुलेल हे पडद्यावर दाखविणाऱ्या सोयी आज मराठी मध्यमवर्गीय घरांतही अपरिचित नाहीत.

व्यापाऱ्याला यातून काय मिळते? पहिला लाभ म्हणजे ग्राहकाचा वेळ. जो ग्राहक वस्तू उलटसुलट करून पाहतो, तो तिच्यापाशी थांबतो, प्रश्न विचारतो आणि बहुधा अधिक विचारपूर्वक निर्णय घेतो. दुसरा लाभ म्हणजे परत येणारा माल कमी होण्याची शक्यता. माप चुकल्याने, रंग न जुळल्याने परत आलेली वस्तू विक्रेत्याचा वाहतूक खर्च दुप्पट करते. मोठी कंपनी हा तोटा सोसू शकते. गडचिरोलीतून पुण्याला पाठविलेला बांबूचा एक सोफा परत आला, तर कारागीर कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीवर पाणी फिरते. तिसरा लाभ भांडवलाचा आहे आणि लहान उत्पादकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. प्रतिकृती पाहून मागणी नोंदविली जात असेल तर माल आधी बनवून ठेवण्याची गरज उरत नाही. दहा प्रकारच्या खुर्च्या दुकानात मांडण्यासाठी दहा खुर्च्यांचे साहित्य आणि मजुरी अडकवावी लागते. दहा प्रतिकृतींसाठी प्रत्येक नमुना एकदाच बनवावा लागतो.

वनसंपदेच्या दारी

हा तिसरा लाभ चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात नीट समजून घेतला पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग आजही वनाच्छादित आहे. आलापल्लीच्या परिसरातील सागवानाची कीर्ती देशभर आहे. अयोध्येच्या श्रीराम मंदिरासाठी याच वनप्रदेशातील सागवान निवडले गेले आणि २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूर येथे काष्ठपूजन होऊन ते अयोध्येकडे रवाना झाले, ही घटना वाचकांच्या स्मरणात असेल. सागवानाच्या जोडीला येथे बांबू आहे. मानवेल हा जवळजवळ भरीव, चिवट बांबू आणि कटांग हा जाड, काटेरी बांबू या दोन जातींवर बुरूड समाजाच्या आणि जनजातीय कुटुंबांच्या अनेक पिढ्या जगल्या. सूप, टोपली, परडी, चटई, धान्य साठवण्याच्या कणग्या हे त्यांचे परंपरागत उत्पादन. आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजाची कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या कोशांचे संगोपन करतात. विदर्भाच्या करवतकाठी साडीला जे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या साडीचा प्राण हाच कोसा आहे.

इतकी संपदा असूनही या प्रदेशाची ओळख दीर्घकाळ कच्चा माल पुरविणारा प्रदेश अशीच राहिली. बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला, तेंदूपत्ता विडीच्या कारखान्यांकडे गेला, सागवान शहरांतील बंगल्यांकडे गेले. मूल्य वाढविणारे काम अन्यत्र झाले. अलीकडच्या काळात या स्थितीत बदल घडविण्याचे प्रयत्न झाले. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्राचे काम सुरू केले व बांबू हे गरिबीचे चिन्ह नसून प्रतिष्ठेचे साहित्य आहे, हे घरांपासून फर्निचरपर्यंतच्या रचनांतून दाखवून दिले. सुनील देशपांडे २०२१ मध्ये निवर्तले, पण त्यांनी घालून दिलेला धडा विदर्भातील प्रत्येक बांबू कारागिराला उपयोगी आहे. कौशल्य शिकविता येते, माल तयार होतो. अडते ते बाजारपेठेपाशी.

वरोऱ्याच्या आनंदवनाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. बाबा आमटे यांनी उभारलेल्या या संस्थेत तयार होणाऱ्या वस्तू लोक आवर्जून घेतात. त्यामागे केवळ दयाबुद्धी नाही. तेथे जाणारा मनुष्य हातमागावर कापड विणले जाताना पाहतो, विणणाऱ्याशी बोलतो, वस्तू हातात घेतो. वस्तूची माहिती आणि माणसाची ओळख एकत्र मिळाल्याने खरेदी होते. ताडोबाला येणारा पर्यटक मोहर्लीच्या वाटेवर बांबूची वस्तू विकत घेतो तो याच कारणाने. परंतु प्रत्येक ग्राहक वरोऱ्याला किंवा ताडोबाला येऊ शकत नाही आणि जो पर्यटक जीपमधून परतीच्या प्रवासाला निघाला आहे, तो बांबूची खाट सोबत नेऊ शकत नाही. त्याने दुकानात पाहिलेली खाट ठाण्याच्या घरी जाऊन स्वतःच्या खोलीत आभासी रूपात ठेवून पाहिली, तिची लांबी-रुंदी जुळवली आणि मग मागणी नोंदविली, तर त्या क्षणी या साधनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

चित्र आणि वस्तू यांतील अंतर

मात्र येथेच सावध होण्याची गरज आहे. कारखान्यातून निघालेल्या हजार खुर्च्या एकसारख्या असतात. एका खुर्चीची प्रतिकृती हजारांना लागू पडते. हाताने विणलेल्या दोन टोपल्या मात्र कधीही तंतोतंत एकसारख्या नसतात. बांबूच्या पेरांतील अंतर निराळे, कामट्यांची जाडी निराळी, रंगाची छटा निराळी. पडद्यावर दाखविलेली टोपली ही त्या जातीची प्रतिनिधी असते, प्रत्यक्ष मिळणारी टोपली नव्हे. हे ग्राहकाला आधी सांगितले नाही, तर कारागिराच्या हाताचे वैशिष्ट्य ग्राहकाला दोष वाटू लागते.

तांत्रिक अडचणीही आहेत. प्रतिकृती बनविण्याची प्रचलित पद्धत अशी की वस्तू फिरत्या पाटावर ठेवून चहूबाजूंनी अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि संगणकाने त्यांतील समान बिंदू जुळवून घनाकार उभा करावयाचा. गुळगुळीत, सलग पृष्ठभागाच्या वस्तूंपेक्षा जाळीदार विणीच्या वस्तू या पद्धतीला अवघड जातात. विणीच्या फटीतून पलीकडची बाजू दिसते व संगणक गोंधळतो. चकाकणाऱ्या रोगणाचा बांबू प्रत्येक छायाचित्रात निराळा चमकतो. टसरची गोष्ट तर याहून सूक्ष्म. त्याचा नैसर्गिक सोनेरी-तपकिरी रंग प्रकाशानुसार बदलतो, त्याच्या पोताची किंचित खरखर बोटांनाच कळते. पडदा रंग दाखवील, पोत कसा दाखविणार? ज्या गुणासाठी टसर ओळखला जातो, तोच गुण प्रतिकृतीतून निसटतो. त्यामुळे कोसा विकणाऱ्याने प्रतिकृतीसोबत हातभर कापडाचा तुकडा टपालाने पाठविण्याची जुनी रीत सोडू नये, हेच इष्ट.

दुसरा धोका नीतीचा आहे. प्रतिकृतीत वस्तू नेहमीच नवी, स्वच्छ, निर्दोष असते. प्रत्यक्षात योग्य प्रक्रिया न केलेला बांबू भुंग्याला बळी पडतो आणि काही महिन्यांत त्यातून पिठूळ भुसा गळू लागतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केली तर हे टाळता येते. कोरड्या हवेच्या प्रदेशात गेलेला बांबू आकुंचन पावतो, सांधे सैल होतात. ही माहिती पडद्यावरील सुंदर खुर्ची आपण होऊन सांगत नाही. जो विक्रेता प्रक्रिया न करता स्वस्तात माल विकतो आणि जो प्रामाणिकपणे प्रक्रिया करतो, त्या दोघांच्या प्रतिकृती सारख्याच देखण्या दिसतात. परिणाम असा होतो की प्रामाणिक कारागीर किमतीत मागे पडतो आणि एकदा फसलेला ग्राहक बांबूकडेच पाठ फिरवितो.

बल्लारपूरच्या लाकूड डेपोकडे पुन्हा पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर सापडते. सागवानाला परप्रांतातील व्यापारी विश्वासाने बोली लावतो, कारण प्रत्येक ओंडक्यामागे मोजमाप असते, प्रतवारी असते, क्रमांक असतो. लाकडाची परीक्षा करण्याची एक सर्वमान्य भाषा तेथे तयार झाली आहे. बांबूच्या टोपलीला आणि खुर्चीला अशी भाषा नाही. म्हणून प्रतिकृतीच्या आधी प्रतवारी यावयास हवी. बांबू कोणत्या जातीचा, किती वर्षांचा, त्यावर कोणती प्रक्रिया केली, खुर्ची किती भार सोसते, एका वस्तूपेक्षा दुसरीत किती फरक पडू शकतो, एवढी पाच विधाने प्रत्येक प्रतिकृतीसोबत जोडली, तरच ती प्रतिकृती प्रामाणिक ठरेल. उलट हेच साधन खरेपणासाठीही वापरता येते. एक वर्षाच्या वापरानंतर बांबूचा रंग कसा होतो, हे ग्राहकाला आधीच दाखविणारा विक्रेता पुढच्या दहा वर्षांचा विश्वास मिळवितो.

कायद्याची चौकटही याच दिशेने जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार वस्तूची जाहिरात तिच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये आली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहकाला पडद्यावर चकविणाऱ्या १३ प्रकारच्या क्लृप्त्या निषिद्ध ठरविल्या. त्यांत एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारण्याची क्लृप्तीही आहे. आभासी प्रतिकृती ही जाहिरातच आहे, हे या नियमांच्या प्रकाशात प्रत्येक विक्रेत्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

मालकीचा प्रश्न

परंतु या विषयाचा गाभा ग्राहकाच्या फसवणुकीपेक्षा खोल आहे. प्रश्न आहे मालकीचा. त्यासाठी गडचिरोलीच्याच अलीकडच्या इतिहासाकडे वळावे लागते.

धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड वस्तीच्या गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा प्रारंभीच्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते. २००६ च्या या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते. म्हणजे बांबू गावाचा होता. तरीही गाव तो विकू शकत नव्हते, कारण जंगलाबाहेर बांबू नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. हक्काचा कागद गावाच्या पेटीत आणि परवान्याचे पुस्तक खात्याच्या कपाटात, अशी ती अवस्था होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गावाने स्वतः बांबूची विक्री केली. पुढे गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. वस्तूची मालकी पुरेशी नसते. वस्तू बाजारापर्यंत नेणारे साधन ज्याच्या हाती, खरी सत्ता त्याची. २०११ मध्ये ते साधन परवान्याचे पुस्तक होते. आजच्या बाजारात ते साधन वस्तूची आभासी प्रतिकृती आणि तिच्याखाली उमटणारे ग्राहकाचे नाव-गाव हे आहे.

समजा, एखादी शहरी विपणन संस्था कुरखेड्याच्या किंवा मूलच्या बचतगटाकडे आली, तिने त्यांच्या पंचवीस वस्तूंच्या प्रतिकृती विनामूल्य बनवून दिल्या आणि त्या स्वतःच्या नावाने पडद्यावर मांडल्या. पहिल्या वर्षी मागणी वाढेल, गटाला आनंद होईल. दुसऱ्या वर्षी ती संस्था भाव पाडून मागेल. गटाने नकार दिला तर प्रतिकृती संस्थेपाशीच राहते, ग्राहकांची यादीही तिच्यापाशीच राहते. तीच आकृती दाखवून माल दुसरीकडून बनवून घेता येतो. एवढेच कशाला, घनाकार प्रतिकृतीत वस्तूचे प्रत्येक माप दडलेले असते. त्यावरून साचा करून प्लास्टिकची नक्कल काढणे कारखानदाराला अवघड नाही. स्वस्त प्लास्टिकच्या टोपलीने बुरूड कारागिराची बाजारपेठ आधीच खाल्ली आहे. आता त्याची रचनाही त्याच्याच प्रतिकृतीतून हिरावली गेली तर दोष कोणाला द्यावयाचा?

यावर उपाय नाहीत असे नाही. नव्या रचनेची नोंदणी रचना कायदा, २००० अन्वये करता येते व तिला प्रथम दहा वर्षांचे आणि नंतर आणखी पाच वर्षांचे संरक्षण मिळते. मात्र ती नोंदणी रचना जगापुढे मांडण्यापूर्वी करावी लागते, हे गटांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. त्याखेरीज प्रतिकृती बनवून घेताना करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. मूळ संगणकीय धारिका गटाच्या ताब्यात राहील. संस्था ती अन्य कोणास देणार नाही. आणि प्रतिकृती पाहून मागणी नोंदविणाऱ्या ग्राहकाची माहिती, त्याच्या संमतीने, गटालाही मिळेल. ही तीन वाक्ये म्हणजेच आजचे परवान्याचे पुस्तक होय.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ज्या भामरागडचा संपर्क पर्लकोटेला पूर आला की तुटतो, जेथे दूरध्वनीचे जाळे आजही सर्वत्र विश्वासार्ह नाही, तेथे आभासी प्रतिकृतींच्या गोष्टी करणे म्हणजे तहानलेल्याला अत्तर देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ४जी सेवेपासून वंचित राहिलेल्या देशातील गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, यावरून ही उणीव किती व्यापक होती हे कळते. परंतु प्रतिकृती पाहावयाची आहे ती ग्राहकाने, त्याच्या शहरात. कारागिराच्या गावी जाळे क्षीण असले तरी छायाचित्रे तालुक्याच्या ठिकाणी घेता येतात, धारिका जिल्ह्याच्या केंद्रात तयार होऊ शकते. गावात पोहोचावयाचा असतो तो एक निरोप, मागणीचा. पावसाळ्यात वाट बंद असेल तर माल पोहोचण्यास विलंब लागेल, हेही प्रतिकृतीखाली लिहिता येते. जाळे नाही म्हणून बाजार थांबत नाही. तो दलाल शोधतो. म्हणूनच तयारी आधी हवी.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. हस्तकलेचे मर्म स्पर्शात, माणसाच्या भेटीत आहे. तिला पडद्यावरच्या खेळण्याचे रूप दिले की तिचा आत्मा हरवतो, असे काही संवेदनशील मंडळींना वाटते. ही भावना आदरणीय आहे, पण तिचा भार कारागिराने का वाहावा? शहरातील रसिकाला जे निर्मळ वाटते, ते कारागिराच्या घरी पुष्कळदा रिकाम्या चुलीचे कारण असते. स्वदेशीचा अर्थ नव्या साधनाकडे पाठ फिरविणे असा कधीच नव्हता. साधन आपल्या गरजेनुसार वळविणे आणि त्याची दोरी आपल्या हाती ठेवणे हा तिचा अर्थ आहे. जर जगातील बलाढ्य कंपन्या आपल्या खुर्च्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात आभासी रूपाने आणून ठेवीत असतील, तर चिचपल्लीत शिकलेल्या कारागिराची खुर्ची त्याच दिवाणखान्यात, तिच्या शेजारी का दिसू नये? तुलना तरी समान पातळीवर होऊ द्यावी.

करावयाच्या गोष्टी

हे घडावयाचे तर ते एकट्या कारागिराकडून होणारे नाही. प्रतिकृती बनविण्याचे साहित्य एका गटाला महाग पडते, दहा गटांना मिळून पडत नाही. चिचपल्लीच्या केंद्रासारख्या ठिकाणी फिरता पाट, मंद व सम प्रकाशाची खोली, चांगला कॅमेरा आणि हे काम शिकलेले दोन-तीन स्थानिक तरुण एवढी सोय झाली, तर दोन्ही जिल्ह्यांतील गटांचे काम तेथे होऊ शकते. हे तरुण त्याच गावांतील असावेत. बांबूची जात ओळखणारा छायाचित्रकार आणि केवळ छायाचित्र काढणारा छायाचित्रकार यांच्या कामात मोठे अंतर पडते.

शासकीय योजनांचाही येथे उपयोग आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या, चटया व झाडू बनविणाऱ्यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज आणि विपणनासाठी मदत असे तिचे स्वरूप आहे. योजना कागदावर उत्तम असते. ती बुरूड वस्तीतील घरापर्यंत नेऊन अर्ज भरून देणारा माणूस लागतो. खेड्यापाड्यांत संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे काम आहे. एका कार्यकर्त्याने एका गटाची पाच विधाने लिहून घेतली, करारातील तीन वाक्ये तपासली आणि रचनेच्या नोंदणीचा अर्ज भरून दिला, तरी ते भाषणांहून अधिक मोलाचे ठरेल.

मध्यमवर्गीय कुटुंबांची भूमिकाही लहान नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहक हा अर्थव्यवस्थेचा राजा असल्याचे केवळ म्हणून चालणार नाही, त्याने संघटित झाले पाहिजे, हा विचार तिच्या मुळाशी होता. मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदी व वितरणाची व्यवस्था प्रत्यक्षात चालवून दाखविली. त्याच धर्तीवर एखाद्या गृहसंकुलातील पंधरा-वीस कुटुंबांनी प्रतिकृती पाहून एकत्र मागणी नोंदविली, तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो, कारागिराला सलग काम मिळते आणि मधला दलाल आपोआप गळून पडतो. सणाच्या भेटवस्तू, शाळेच्या वर्गातील बैठका, कार्यालयातील टोपल्या यांची मागणी वर्षभर आधी कळली, तर बांबू योग्य हंगामात तोडून, नीट प्रक्रिया करून ठेवता येतो. ग्राहकाने संयम दाखविला, तर मालाचा दर्जा सुधारतो.

शेवटी एक गोष्ट ग्राहकाने मनाशी ठरवावी. पडद्यावरील वस्तू फिरवून पाहताना तिच्याखाली बनविणाऱ्या गटाचे नाव आणि गावाचे नाव आहे की नाही, हे आवर्जून बघावे. नसेल तर विक्रेत्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडे जावे. बाजारात प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाइतकी परिणामकारक शक्ती दुसरी नाही. धानोऱ्यातील एका गावाने परवान्याच्या पुस्तकासाठी दोन वर्षे धीर धरला आणि ते मिळविले. पडद्यावरील प्रतिकृतीची मालकी कारागिराकडे राहावी यासाठी इतका काळ लागू नये. ते बऱ्याच अंशी मागणी नोंदविणाऱ्या बोटावर अवलंबून आहे.